तांदळातलं नाव

आता सांगा, पंधरा वर्षं एका घरात राबलेल्या सुनेला नाव नसावं? पण कुंभकोणच्या अंबाबाईंच्या घरात हेच चाललं होतं.

त्यांचा मुलगा राजगोपाल रंगूनला नोकरीला गेला आणि तिथल्याच मा टिनशी लग्न करून बसला. बेचाळीस साली बाँब पडू लागले, तेव्हा दोघं रानावनातून पायी चालत इकडे आली. घरची रीत अशी, की नवी सून आली की सासूनं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचं, मग तिनं पंगतीत वाढायचं. अंबाबाई नुसत्या "बघू" म्हणाल्या. हाक मारायची झाली तर "अगे!" शेजारच्या गोमतीला मात्र सांगत, "पाहुणी ती. आज ना उद्या आपल्या देशी जाईल. नाव देऊन जीव कशाला लावून घ्या?"

मा टिन भाजी चिरी, दळण दळी, सासूचे पाय चेपी. घरातली मराठी शिकली, गावातली तमिळ शिकली. वाढायला मात्र कधी उठली नाही. पंगत बसली की न्हाणीकडे जाऊन उगाच भांडी घाशी. फार लागे हो जिवाला!

नव्या कायद्यानं वाट मोकळी झाली होती, तसा सत्तावन्न साली तिनं इथली नागरिक व्हायला हट्टानं अर्ज केला. पहाटेच्या गाडीनं नवरा-बायको तंजावरला गेली. कचेरीतले साहेब म्हणाले, "हळू म्हटलं तरी चालेल, अम्मा." छे! तिनं शपथ अशी खणखणीत म्हटली, की बाहेरचा शिपाई डोकावला. परतीच्या गाडीत तिनं नागरिकत्वाचा कागद पदराखाली धरला होता, आणि समोरच्या अनोळखी बाईलाही दोनदा दाखवला. आनंद पोटात मावेना तिच्या!

घरी आल्यावर तिनं तो सासूपुढे ठेवला. अंबाबाईंनी हात लावला नाही.

"म्हणजे आता परत जाणं नाही?"

"नाही. तो देश सोडला मी."

"राजानं भरीस घातलं कां?"

"ते नकोच म्हणत होते. मलाच हवं होतं."

अंबाबाई उठून आत गेल्या. झालं, मा टिनला वाटलं, हेही वाया गेलं. तिचे डोळे भरून आले.

म्हातारी परतली ती तांदळाचं ताट घेऊन. बोटातली अंगठी काढून लिहू लागली. तिला अक्षरं येत ती मोडी, सुनेला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"भागीरथी," राजगोपालनं वाचलं. "कधी ठरवलंस, आई?"

"तुम्ही आलात त्याच दिवशी." मग ती कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "यात काय लिहिलंय रे?"

"तिचं जन्माचंच नाव. त्यांच्यात बायका नाव बदलत नाहीत."

अंबाबाईंनी तळहातानं तांदूळ सपाट केले. "मग सरकारी कागद खोटा पाडू कां मी?" असं पुटपुटत पुन्हा अंगठी टेकवली. या खेपेला दोनच शब्द उमटले.

"काय लिहिलंत?" सुनेनं घाबरतच विचारलं.

"मा टिन," म्हातारी म्हणाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. "ऊठ गे टिन, पानं मांडलीत. वाढ."