समिधाचे ब्याण्णव

एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी समिधानं वीस सराव परीक्षा दिल्या, पण साठाच्या वर गुण कधी गेले नाहीत. फॅक्टरीतून निवृत्त झालेले शेजारचे चिंतामणी काका दर रविवारी तिला पेपर काढून देत आणि चुकलेली गणितं समजावत. खऱ्या परीक्षेत मात्र तिला ब्याण्णव गुण मिळाले. ती धावतच काकांकडे गेली.

“काका, इतका फरक काहून?”

“मी कठीणच प्रश्न वेचून देऊन राहिलो होतो.”

“मग सांगितलं काहून नाही? किती रडली मी!”

“सांगितलं असतं, तर तू सोपे मागितले असते, बेटा.”

समिधाला हसू आलं आणि डोळेही भरले. ती वाकून त्यांच्या पाया पडली.

“काका, आता मुलाखतीची तयारीही तुम्हीच करून घ्या.”