कोरड्या ट्रेमधलं बटाट्याचं साल

चिमीनं वजनकाटा पुसला, शून्यावर आणला आणि साध्या ट्रेमधल्या शंभर अळ्या पुन्हा त्यावर ओतल्या. काटा काही ऐकेना. नुसत्या कोंड्यावर वाढलेल्या या अळ्या तिच्या नव्या खाद्यावरच्या अळ्यांइतक्याच भरत होत्या.

म्हणजे बेकरीतले शिळे पाव वाळवून, दळून, त्यात यीस्ट कालवून केलेला सगळा खटाटोप पाण्यात. आणि दुपारी मासे पाळणारे तळ्यावाले काका येणार होते. नव्या खाद्यानं अळी खरंच जाड होते असं दिसलं, तरच ते आपल्या माशांसाठी कायम तिच्याकडून अळ्या घेणार होते. नाहीतर गॅरेजमधले ट्रे आवरायचे आणि पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात उभं राहायचं.

तिनं रागारागानं साधा ट्रे चाळणीत उपडा केला. भुगा खाली पडला, अळ्या वर वळवळत राहिल्या. त्यांच्यात एक वाळकं, कानासारखं मुडपलेलं साल होतं. बटाट्याचं.

"अण्णा."

वडील दारातच होते. हाक ऐकून त्यांनी आधी चष्मा पुसायला घेतला. तिथंच चोर सापडला.

"ह्यांना काय घातलंत?"

"थोडंसंच गं. सकाळी घालायचो, संध्याकाळी काढायचो. बुरशी नको म्हणून."

"ओलं काही घालू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला. मागे अख्खा ट्रे सडला, विसरलात?"

"नाही विसरलो. पण पलीकडच्या ट्रेतल्यांना पाव काय, यीस्ट काय, नुसता थाट. आणि ह्या बिचाऱ्या कोरडा कोंडा चघळतायत. जन्मभर खानावळीत वाढलंय मी. कोरडं ताट पुढं सरकवायला हात होत नाही माझा."

"अळ्या आहेत त्या. गिऱ्हाईक नाहीत."

"गिऱ्हाइकांपेक्षा बऱ्या. मीठ कमी म्हणत नाहीत."

चिमीनं भांडायला तोंड उघडलं आणि तिचं लक्ष काट्याकडे गेलं. तिच्या खाद्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. कोंड्याला सालाचा ओलावा मिळाला होता. तरी दोघं बरोबरीत. मग खाद्यालाही साल मिळालं असतं तर?

काका आले तेव्हा तिनं दोन्ही ट्रेमधल्या अळ्यांचे डबे पुढं ठेवले आणि सालासकट सगळं सांगून टाकलं.

"अगं, दोन्ही जाड झाल्या. मग रडतेस कशाला?" काका म्हणाले.

"कशानं झाल्या तेच कळलं नाही, तर पुढच्या वेळी कशा करू? मला परत करून बघायचंय."

काकांनी बोटानं अळ्या चाळवल्या. "दोन्ही डबे दे. मासे कुठल्यावर तुटून पडतात ते मी बघतो. तू तुझं कर. तोवर मी दुसऱ्या कुणाला शब्द देत नाही."

गाडी वळते न वळते तोच चिमीनं चार ट्रे मांडले. दोन कोंड्याचे, दोन खाद्याचे. "दोन्हीतल्या एकेकाला सालं. ती तुम्ही घालायची, अण्णा."

"आणि उरलेल्यांना?"

"काही नाही. त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

अण्णांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि मांडीवर बटाटे घेतले.

"पातळ काढू की जाड?"

"पातळ. आणि दोघांना सारखी. लाड नकोत."