सामायिक फोल्डर

“काका, तो फोल्डर आता काढून टाकू या,” पडद्यावरून प्रकल्पाचा प्रमुख म्हणाला. “ज्याने त्याने आपापली साधनं लिहावीत.”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात सगळ्यांच्या चाचण्यांना लागणारी लहानसहान साधनं त्या फोल्डरमध्ये होती. अकरा वर्षं काकांनी ती सांभाळली होती. प्रत्येकाशेजारी ते कसं वापरायचं याचं टिपण होतं. एकालाच नव्हतं, आणि नेमकं तेच नडलं.

ते साधन प्रोग्राम चालवून आलेलं उत्तर फाइलमधल्या बरोबर उत्तराशी ताडून पाही. फाइलच नसेल, तर जे आलं तेच बरोबर समजून जपून ठेवी. एकाने जुनी फाइल पुसली आणि, नवी लागली तर साधन अडवेलच, म्हणून तो निर्धास्त राहिला. भागाकार चुकत होता, तरी चाचणी तीन आठवडे बिनबोभाट पास. शेवटी ती भाषा वापरणाऱ्यांनीच बोंब मारली.

प्रमुखाचं म्हणणं, असली साधनंच धोक्याची. शिवाय टिपणं वाचतंय कोण, असंही त्याने हसत विचारून घेतलं.

“चूक माझी आहे,” काका म्हणाले. “टिपण मी लिहिलं नाही. पण टिपण नव्हतं म्हणून घोळ झाला, आणि तू आहेत ती टिपणंही पुसायला निघालास. मी आहे तोवर फोल्डर जागचा हलणार नाही.”

“बरं,” प्रमुख म्हणाला. “ टिपण आज संध्याकाळपर्यंत द्या.”

का लिहिलं नाही, हे काकांनी सांगितलं नाही. प्रत्येक टिपण आधी बायको वाचायची. तिला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नसे. मला कळलं तर खरं, म्हणायची आणि पेन्सिलीने खुणा करून कागद परत द्यायची. ते साधन तिच्या आजारपणात तयार झालं. ती गेल्यावर टिपण लिहायला त्यांचा हात धजेना.

दुपारी त्यांनी ते लिहिलं आणि रिकाम्या घरात मोठ्याने वाचलं. तिसऱ्या वाक्याशी ती नक्की अडली असती. त्यांनी ते खोडून साधं लिहिलं: ‘फाइल नसेल तर हे साधन तुम्हाला अडवणार नाही. ती आहे ना, ते आधी तुम्हीच बघा.’

पुन्हा शेवटपर्यंत वाचून ते सवयीने थांबले. मग “कळलं,” असं स्वतःच म्हणाले आणि टिपण पाठवून दिलं.