सर चुकीच्या वर्गात

आमचे सासरे तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, गुडघ्यांवर चर्चा करतात. सरांनी आठवणी सांगायला घेतल्या. मुलगी सोडून घरात सगळे त्यांना सरच म्हणतात. सासूबाई त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे त्याही. मी जावई, म्हणजे वर्गातला सगळ्यात कच्चा विद्यार्थी. जेवायला बसलं की तास सुरू व्हायचा आणि बेल नसल्यामुळे तो संपायचा नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये घोरणारे पर्यवेक्षक, स्नेहसंमेलनात प्राचार्यांच्या भाषणाला झालेला वन्स मोअर, सगळं मला इतकं पाठ होतं की सर श्वास कुठे घेतात तेही मी सांगितलं असतं. मी मान डोलवायचो आणि मनातल्या मनात ऑफिसातली भांडणं जिंकायचो.

मग सरांच्या मेंदूत एक छोटी गुठळी अडकली. उपचारांनी ती गेली. हातपाय धड राहिले, समज शाबूत राहिली, फक्त शब्द वेळेवर हजर होईनात. ‘चष्मा’ म्हणायला जावं तर ‘चमचा’ यायचा, नाहीतर काहीच यायचं नाही. एकदा ते दूधवाल्यासमोर अडकले. तो बिचारा मदत म्हणून मोठमोठ्याने बोलू लागला, जणू सर बहिरे झालेत. त्या दिवसापासून सरांनी तोंड उघडणंच बंद केलं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, “अडखळत का होईना, बोलले तर सुधारतील. असेच गप्प राहिले तर आहे तेही जाईल. आणि शब्द तुम्ही पुरवू नका, त्यांना शोधू द्या.”

बायको चित्रांची कार्डं दाखवायची. “बाबा, हा कोण?” बाबा हत्तीकडे बघायचे, हत्ती बाबांकडे. सासूबाई दिवसभर रेडिओ लावून ठेवायच्या, ऐकायच्या नाहीत. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी तळमळत होतो ती मिळाली होती, आणि मी जेवताना त्या घोरणाऱ्या पर्यवेक्षकांची वाट बघत होतो.

एका रविवारी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटायला आले. “काय सर, बरं आहे ना?” म्हणाले. सर गप्प. पेशामुळे समोरच्याने उत्तर न देण्याची डॉक्टरांना सवय आहे. ते बोलत राहिले. पण त्यांचेही विषय संपले आणि खोलीत कोणाला कुठे बघावं ते कळेना. म्हणून मीच सरांची एक आठवण काढली.

“सर शिकवायचे ते पंख्याकडे बघून, डॉक्टर. समोर कोण बसलंय हे कधी बघितलंच नाही. एकदा चुकीच्या वर्गात शिरले. समोर सगळी वनस्पतिशास्त्राची पोरं. सरांनी ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’पासून सुरुवात केली, पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. एकाने शंकासुद्धा विचारली, सर, मर्त्य हे कुठलं कुळ?” डॉक्टर हसले. मला चेव आला. पाहुण्यांसाठी म्हणून मी जरा मसाला घातला. “शेवटी प्राचार्य आले आणि सरांना हाताला धरून बाहेर...”

“चूक.”

बायकोच्या हातातली बशी वाजली. तो शब्द सरांनी जन्मभर इतका वापरला होता की बाकी सगळे गैरहजर असताना तो एकटा बाकावर बसून होता.

“काय चुकलं, सर?” मी विचारलं. नापास होताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

“प्रा... प्रा...” सरांची बोटं हवेत खडू पकडल्यासारखी जुळली. बायकोचे ओठ हलले. सासूबाईंनी तिचा दंड दाबला. “प्राचार्य... नव्हते. पूर्ण तास... घेतला.”

“मग त्या वर्गाच्या मॅडम कुठे होत्या?” डॉक्टर म्हणाले.

सरांनी सासूबाईंकडे बोट केलं. “ही. बाहेर.”

“आई, तो तास तुझा होता?” बायको ओरडलीच. “बाबा, हे कधी सांगितलं नाहीत!”

“हिने... बंदी.”

“सांगण्यासारखं आहे काय त्यात?” सासूबाई म्हणाल्या. “दारापर्यंत गेले, तर हे पंख्याला शिकवत होते.”

“उभी होती. ऐकत.”

“कुणी ऐकलं? पायरीवर बसले होते मी. सकाळपासून उभी राहून पाय मोडले होते. आयता कुणी तास घेतोय, तर मी का अडवू?”

“मग... दुसऱ्या दिवशी... स्टाफरूममध्ये...”

“सर, पुरे.”

“हिने मला... विचारलं.” सर थांबले. पुढचा शब्द येईना. कपाळावरची शीर फुगली. या वेळी पुरवायचा म्हटलं तरी तो शब्द आमच्याकडे नव्हता. तो एकाच व्यक्तीला ठाऊक होता, आणि ती खिडकीबाहेर बघत होती, लाल कानांनी. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं होतं. सासूबाईंनी एकदा वळून सरांकडे बघितलं, ओठांवर आलेला शब्द गिळला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

“सर्व माणसं मर्त्य ना,” सर एका दमात म्हणाले, “मग... चहाला... उशीर कशाला?”

कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले. बायको उगाच पाणी आणायला आत गेली. मी मागोमाग गेलो तर डोळे पुसत म्हणाली, “मुद्दाम चुकलास ना?” मी नम्रपणे मान झुकवली.

बाहेर सासूबाईंचा आवाज चढला होता. “चहा नव्हे, कॉफी म्हणाले होते मी!”

“चहा.”

“अहो, त्या कँटीनचा चहा मी कधी प्यायले तरी होते का?”

“म्हणजे... गृहीतक... तपासू,” सर म्हणाले.

डॉक्टर निघून गेले, ऊन उतरलं, तरी वाद चालूच होता. सासूबाई तीन वाक्यं बोलायच्या तेव्हा सरांचं एक व्हायचं, तेही मध्ये दोनदा थांबून. पण मुद्दा सोडायला ते तयार नव्हते.