शटरची किल्ली

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बदलून आलेले साहेबलोक भाड्याची घरं शोधत गल्लीबोळांत फिरू लागले, आणि बसवंतच्या कापड दुकानाला बरे दिवस आले. त्या आनंदात त्यानं टीव्ही आणला. लाकडी खोक्यातला, पुढं सरकतं शटर, शटरला कुलूप. गल्लीतला पहिलाच. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याकडे फिरकायला तयार नव्हता. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही आल्यासारखं करून जायचा. घरात पाण्याचा ठणठणाट आणि टीव्हीत नद्या वाहतायत, असा सगळा मामला होता.

बसवंतच्या बायकोला, रुद्राणीला, त्या खोक्याचा राग यायला वेळ लागला नाही. तिची लेक शिवकांता त्याच्यापुढं बसली की ताटातली भाकरी वाळून जायची. पूर्वी दिवेलागणीला ही पोर आज्जाच्या, म्हणजे बसवंतच्या वडिलांच्या, गुरुपादप्पांच्या, मांडीला टेकून गोष्टी ऐकायची. आता आज्जा हाका मारून थकायचे. पोरीचे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा डॉक्टरही म्हणाले, टीव्ही कमी करा. रुद्राणीनं फर्मान काढलं: रविवारी संध्याकाळी थोडा वेळ, बाकी कुलूप.

पण किल्ली ठेवायची कुठं? उशीखाली ठेवली, पोरीनं काढली. डाळीच्या डब्यात ठेवली, तिथूनही काढली. शेवटी रुद्राणीला अशी युक्ती सुचली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. तिनं किल्ली गुरुपादप्पांच्या पूजेच्या चौरंगावर, विभूतीच्या डबीमागं ठेवली. बिनआंघोळीचा हात त्या चौरंगाला लावायचा नाही, हा घरचा नियम. पोर कितीही द्वाड असली तरी तो मोडायची नाही. आणि त्या दुष्काळात पोरांना आंघोळ मिळायची ती फक्त नळाच्या दिवशी. "आता काढ म्हणावं किल्ली," असं शेजारच्या रत्नम्माला सांगताना ती पोट धरून हसली होती.

घरात रोजची आंघोळ एकट्या गुरुपादप्पांची. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. त्यासाठी तांब्याची एक कळशी कोपऱ्यात झाकून ठेवलेली असायची. कुणाचा घसा कितीही कोरडा पडो, त्या कळशीला कुणी हात लावत नसे.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळीच मोठ्या रस्त्यावर टँकर येणार अशी आवई उठली. रुद्राणी घागरी घेऊन पळाली. बसवंत दुकानात गेला होता, गुरुपादप्पा आंघोळ-पूजेआधी बेल आणायला मठात. टँकर काही आला नाही. उन्हानं करपून, रिकाम्या घागरी घेऊन ती परतली तर घरातून टीव्हीचा आवाज. शटर उघडं होतं आणि पुढं शिवकांता बसली होती, ओल्या केसांची, धुतल्या परकर-पोलक्यात.

"आंघोळ करून घेतली किल्ली," पोर म्हणाली. नियम पाळल्याचं समाधान तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

कोपऱ्यातली कळशी रिकामी होती. रुद्राणीनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "आज्जाचं पाणी संपवलीस, कार्टे. आता मरतेत बघ आज्जा तहानेनं."

हे शब्द तिला पुढं जन्मभर परत घ्यावेसे वाटले.

गुरुपादप्पा आले. सगळं ऐकून रत्नम्मा तिच्या घरचा तांब्या घेऊन आली, पण त्यांनी हात जोडले. "तुमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी हाय ते, बाई. देवाला कसं घालू?"

"मामा, घोटभर तरी घ्या," रुद्राणी काकुळतीला आली.

"पूजा न्हाई झाली अजून." मग कोपऱ्यात मुसमुसणाऱ्या नातीकडे बघून ते हसले. "तिला मारू नको. न सांगता आंघोळ केली म्हण की, कधी न्हाई ते."

बसवंत दुकान टाकून सायकलवर पाणी शोधत फिरला. उन्हं कलताना कुठल्याशा मळ्यातून कॅन भरून आणला, तेव्हा गुरुपादप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा डावा हात मांडीवरून घसरला होता. तोंड वाकडं झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, हे कधीतरी व्हायचंच होतं. नातेवाईकही तेच म्हणाले. रुद्राणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण तिला ते पटलं नाही. किल्ली तिथं कुणी ठेवली होती, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

म्हातारे वाचले. डावा हात मात्र परत उचलला नाही. आता रोज सकाळी शिवकांता त्यांच्यापुढं बसते, त्यांच्या डाव्या हाताखाली आपले दोन्ही तळवे धरते आणि पूजा संपेपर्यंत हलत नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पोर टीव्हीचं नाव काढत नाही, ताटातलं निमूट संपवते, संध्याकाळभर आज्जाजवळ बसते. रुद्राणीला जे जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तिला ते बघवत नव्हतं.

पुढं पाऊस झाला. नळ रोज येऊ लागला. एका रविवारी संध्याकाळी रुद्राणीनं स्वतःच शटर सरकवलं आणि टीव्ही लावला. "ये गं, बघ थोडा वेळ."

शिवकांता उठली. कोपऱ्यात जाऊन तिनं कळशीवरचं झाकण उचललं. कळशी काठोकाठ भरलेली होती.

"आई, आज्जाला पुरंल का एवढं?"

"पुरंल की, बाळा. उद्या परत नळ येतोय."

पोरीनं झाकण नीट बसवलं आणि कळशीला पाठ लावून तिथंच फरशीवर बसली.

"तू बघ टीव्ही," ती म्हणाली. "मी बसते हितं. कुणी घेतलं तर?"