दृष्टबाहुल्याने पाहिलेलं घर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याशी कुणी बोललं नसेल. बांधकाम चाललेल्या घरावर टांगलेला, बटबटीत डोळ्यांचा, लाल जीभ बाहेर काढलेला दृष्टबाहुला तो मीच. आमच्या बेंगळुरात मला दृष्टीबोंबे म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याची वाईट नजर घरावर न पडता माझ्यावर पडावी, एवढ्यासाठी माझा जन्म. काम सोपं वाटतं ना? तीन वर्षं करून बघा.

आनेकलच्या वाटेवरच्या एका साईटवर मुनिराजू मेस्त्रीने मला बनवलं. पोटात नाचणीचा पेंढा, अंगात मालकांची, म्हणजे पद्मनाभांची, ऑफिसची जुनी पँट आणि चौकड्यांचा शर्ट, आणि डोकं म्हणून चुना फासलेलं मडकं. डोळे, मिशा आणि जीभ मात्र त्यांच्या बायकोने, अंजलीने, रंगवली. अंजली बनशंकरीतल्या भाड्याच्या घरात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. अठरा वर्षं, जेवणाच्या टेबलावर. पाहुणे आले की मुलांनी वह्या गोळा करायच्या, कुकर उतरला की टेबल रिकामं करायचं. तिला शिकवण्यासाठी एक खोली हवी होती. बाहेरून वेगळं दार आणि भिंतीतच केलेला मोठा फळा. बस, एवढंच.

टांगण्याआधी मला वाळूच्या ढिगाला टेकवून ठेवलं होतं. समोर चुन्याच्या भुकटीने खोल्या आखल्या होत्या. अंजली आपल्या चौकोनात जाऊन उभी राहिली आणि हात उंच करून हवेतच काहीतरी लिहू लागली. पद्मनाभ हसून म्हणाले, "ही खोली तुझी. ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही."

ब्रह्मदेव आलाच नाही. नातेवाईक आले.

मला पुढच्या खांबावर रस्त्याकडे तोंड करून टांगलं. घराकडे माझी पाठ. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं, पाहिलं नाही. पद्मनाभ माणूस सज्जन, पण त्यांच्या घराण्यात एक रिवाज होता. आलेल्या प्रत्येकाला साईट फिरवून दाखवायची, चहा द्यायचा आणि विचारायचं, "कसं वाटतं? मोकळेपणाने सांगा." लोक मोकळेपणाने सांगायचे. आणि एकदा त्यांनी सांगितलं की ते करायचंच, नाहीतर त्यांचा मान राहत नाही.

पहिले आले नरसिंहराव, पद्मनाभांचे काका. निवृत्त इंजिनिअर. जन्मभर पूल बांधले, घर एकही नाही. भिंती छातीएवढ्या आल्या होत्या. काका काठी आपटत म्हणाले, "ईशान्येला शाळा? अरे पद्मनाभा, तिथे देव बसतात."

"पण काका, ती खोली अंजलीची..."

"मग तिला दुसरीकडे दे. देवाला दुसरीकडे देणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीमागे घणाचे घाव ऐकू आले. अंजली म्हणाली, "बरं." तिची खोली मागच्या बाजूला गेली, आणि दोन फूट लहान झाली.

मग सर्जापूर रोडवरून निवेदिता आली, पद्मनाभांची पुण्याहून येऊन तिथे स्थायिक झालेली चुलतबहीण. ती म्हणाली, "दादा, प्लीज, सेकंड कारचं प्लॅनिंग आत्ताच कर. आमच्या अपार्टमेंटमध्ये रोज त्यावरून फाइट होते." दुसरी गाडी कुणाकडे होती? या घरातली पहिली गाडी म्हणजे एक स्कूटर! तरी गाडीसाठी जागा काढली, आणि अंजलीच्या खोलीचं बाहेरचं दार गेलं. अंजली पुन्हा म्हणाली, "बरं."

पाडापाडीला कंटाळून मेस्त्री पाच महिने दुसऱ्या कामावर निघून गेला. तेव्हा पद्मनाभ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "कुणाची तरी दृष्ट लागतेय," ते म्हणाले, "हा बाहुलाच कमी पडतोय." त्यांनी माझ्या मिशा दुप्पट करून घेतल्या. जीभ पोटापर्यंत लांबवली. गळ्यात लिंबू-मिरच्या बांधल्या. मित्रांनो, मला इतका राग आला की पोटातला पेंढा पेटावा! रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने कधी त्यांची भिंत पाडली होती? बसच्या खिडकीतून बघणाऱ्या बाईने दार बुजवलं होतं? सगळा दोष मात्र माझ्या माथी. कावळे पेंढा उपसत होते, उन्हाने शर्ट विरला होता, आणि वर हे ऐकायचं.

मेस्त्री परत आला. स्लॅब घातला गेला. अंजलीच्या खोलीत त्याने फळा केला, गुळगुळीत घोटलेला आणि काळा रंगवलेला. तो जेमतेम वाळला असेल, तेवढ्यात एका रविवारी सकाळी काकांचा फोन आला. जिना डावीकडे वळतोय, तो उजवीकडेच वळायला हवा. म्हणजे जिना अंजलीच्या खोलीत घुसणार, आणि फळ्याची भिंत जाणार.

पद्मनाभ चाचरत म्हणाले, "मेस्त्री, ती भिंत..."

या वेळी अंजली "बरं" म्हणाली नाही. ती म्हणाली, "मेस्त्री, शिडी आणा."

"भिंत पाडायला शिडी कशाला, अक्का?"

"बाहुला फिरवायचाय. तोंड घराकडे करा."

"नाही अक्का, बोंबे रस्त्याकडेच बघतो. घराकडे तोंड कुणी करत नाही."

"बाहेरच्या कुणी काही बिघडवलेलं नाही, मेस्त्री. बिघडवणारे सगळे आत चहा पिऊन गेले."

मेस्त्री माझ्यासमोर आला. त्याने एकदा मागे पद्मनाभांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सरी अक्का, तसंच करतो," म्हणून त्याने शिडी लावली.

आणि मी पहिल्यांदा घर पाहिलं. तीन वर्षं ज्याची राखण केली ते घर. देवघर ऐसपैस होतं. नसलेल्या गाडीची जागाही ऐसपैस होती. मागे, दारं न बसलेल्या चौकटींतून, एक अरुंद खोली दिसत होती, तिच्यात फळा. चुन्याने आखलेला तो चौकोन मला आठवला.

"लोक काय म्हणतील, अंजली? उलटा बाहुला!" पद्मनाभ म्हणाले.

"म्हणू देत. अहो, जिना डावीकडे वळला तर काय होईल?"

"काका रागावतील."

"आणि माझा फळा पाडलात तर मी इथे राहायला येणार नाही. बनशंकरीतच राहीन, त्याच टेबलावर शिकवत."

ती ओरडली नाही. म्हणूनच पद्मनाभांना ते खरं वाटलं. त्यांनी वर पाहिलं, तर मी माझ्या बटबटीत डोळ्यांनी त्यांच्याकडेच बघत होतो. ते खडीवर बसले. मग त्यांनी फोन लावला. "काका, जिना आहे तसाच राहील. हो. नाही, विचार करून सांगतोय." फोन ठेवला तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

वास्तुशांतीला काका आले, जेवले, आणि घराबद्दल एक अक्षर न बोलता गेले. गेलेलं दार काही परत आलं नाही. मुलं आजही स्वयंपाकघरातून वाट काढत वर्गात जातात. आठ बाय सातच्या खोलीत सात मुलं मावतात, आठवं उंबऱ्यावर बसतं.

काम संपलं तसं मला उतरवून कुंपणापाशी ठेवलं. मडक्याला तडा गेलाय, उद्या-परवा कचऱ्याची गाडी येईल. खिडकीतून फळ्यावर खडू चालल्याचा आवाज येतो, तेवढंच समाधान.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी बांधकाम निघेल. माझ्यासारखा एखादा टांगाल, हरकत नाही. पण एक करा. या घरात तीन वर्षं "कसं वाटतं?" हा प्रश्न काकांना विचारला, बहिणीला विचारला, शेजाऱ्यांना विचारला. अंजलीला तो एकदाही विचारलेला मी ऐकला नाही. तुम्ही मात्र तुमच्या घरातल्या अंजलीला आधी विचारा.