मुहूर्तावर निघालेली वरात

नारायण गुरुजींच्या मते लग्न लागतं ते मुहूर्तावर. मुहूर्त टळल्यावर जे होतं ते नुसतं जेवण. हे ते अमरावतीतल्या झाडून सगळ्या मंगल कार्यालयांत माइकवरून सांगत, आणि सांगेपर्यंत मुहूर्त टळून दीड-दोन तास झालेले असत. वरात वेळेवर आली असं त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. लोक खाली मान घालून ऐकून घेत, कारण गुरुजींचा आवाज भारदस्त होता आणि चूक आपली आहे हे सर्वांना मान्य होतं.

त्यांचा मुलगा केदार एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक होता. तिथे मुलं फक्त पंख्याखाली बसायला येत, त्यामुळे केदारपाशी वेळ मुबलक. चाळिशी उलटली की माणसं साधारणपणे योगासनं, प्लॉट किंवा मधुमेह यांपैकी कशाच्या तरी मागे लागतात. केदार व्हिडिओ गेमच्या संगीताचं रिमिक्स करायला लागला.

गेम लहानपणचा होता. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात खुपसायची पिवळी कॅसेट, आणि कॅसेटवर हजारो गेम असल्याचं आश्वासन. प्रत्यक्षात सात-आठच, फिरूनफिरून. त्यांतल्या एकात एक माणूस खोल विहिरीत उतरून सोनं गोळा करायचा. तळातून पाणी चढायला लागलं की मागचा सूर एकदम दुप्पट वेगाने धावू लागे, आणि खेळणाऱ्याच्या हाताला घाम फुटे. गेमचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सूर मात्र वऱ्हाडातल्या एका पूर्ण पिढीच्या अंगठ्यांत मुरला होता.

शिकताना केदारने नवशिक्याने करायच्या सगळ्या चुका रीतसर केल्या. पहिल्या प्रयत्नात त्याने आवाजाला घुमारा इतका दिला की ते संगीत विहिरीतून नव्हे, विहिरीसकट येत आहे असं वाटे. दुसऱ्यात तबला घातला. तो मूळ सुराच्या इतका पुढे पळत होता की दोघांची ओळख नसावी. हेडफोनमध्ये जे भव्य वाटायचं ते मोबाइलवर रिकाम्या पिंपासारखं वाजायचं. तरी सहा-सात महिन्यांत त्या सुराचं एक रिमिक्स जमलं. त्याने ते इंटरनेटवर टाकलं. ऐकणारे एकूण चौदा. त्यांतले बरेचसे तो स्वतः, वेगवेगळ्या फोनवरून.

गुरुजींनी एकदा दाराबाहेर उभं राहून ऐकलं आणि मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही का, असं विचारलं.

केदारला फार काही नको होतं. आपलं हे काम कुणीतरी एकदा मोठ्या आवाजात, आपण न सांगता ऐकावं, एवढंच. म्हणून त्याने ते पियुषला दिलं. पियुषचा वरातीत वाजवायचा डीजे होता, म्हणजे एक ट्रक, त्यावर स्पीकरची भिंत आणि भिंतीमागे लॅपटॉप घेऊन बसलेला पियुष. खुशालरावांच्या मुलाच्या, शिवमच्या वरातीत पाच मिनिटं लावून बघतो, असं त्याने कबूल केलं. लग्न लावणार होते नारायण गुरुजी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी घरातल्या माणसांखेरीज कुणाला माहीत नव्हती. त्या दिवशी गुरुजींनी दोन लग्नं घेतली होती. एक सकाळच्या मुहूर्ताचं, अकोल्यात. दुसरं हे, बाराच्या आतलं, बडनेरा रोडवरच्या कार्यालयात. कागदावर हे अशक्य होतं. पण गुरुजी कागदावर जगत नव्हते. अकोल्याचं लग्न तासभर उशिरा लागणार, अमरावतीचं दोन तास, मध्ये मूर्तिजापूरला चहा. गेली कितीतरी वर्षं त्यांचा सगळा व्यवसाय लोकांच्या बेशिस्तीवर अत्यंत शिस्तीत चालला होता. हे बाहेर कळलं असतं, तर माइकवरून बोलायला तोंड उरलं नसतं आणि बोलावणारंही कुणी उरलं नसतं. दोन वाजेपर्यंत पोचतो, तोवर तू मांडामांड बघ, असं केदारला सांगून ते पहाटेच्या गाडीने निघून गेले होते.

वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. कार्यालय किलोमीटरभर लांब. एवढ्या अंतराला अडीच तास लावायचे, अशी रीत आहे. माणसं ट्रकभोवती रिंगण करून नाचतात आणि ट्रक विचार करत करत सरकतो. पहिली तीन-चार गाणी तशीच झाली. मग पियुषने केदारचं लावलं आणि नाचायला बरा म्हणून त्यातला पाणी चढतानाचाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत ठेवला.

शिवम नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याचे मित्र सगळे पस्तिशीचे, पोटं सुटलेले, कधीकाळी त्याच पिवळ्या कॅसेटवर वाढलेले. सूर डोक्यात शिरायच्या आत त्यांच्या पायांत शिरला. एकाने ओरडून सांगितलं, अबे, पाणी आलं. रिंगण मोडलं. ते नाचतच होते, पण पुढच्या दिशेने. मागच्या बायकांना वाटलं, उशीर झाला असेल; त्यांनी साड्या सावरून पावलं उचलली. घोडी दुडक्या चालीने निघाली. ट्रकच्या ड्रायव्हरने आयुष्यात पहिल्यांदा वरातीत दुसरा गिअर टाकला.

केदार फुटपाथवरून बघत होता. सुरुवातीला त्याला जे वाटलं ते शब्दांत मांडण्यासारखं नव्हतं, आणि त्याने ते मांडलंही नाही. नुसता हसत उभा राहिला. मग शेवटचं वळण दिसलं आणि त्याने घड्याळ पाहिलं. मुहूर्ताला अजून अर्धा तास होता.

त्याने फोन लावला. गुरुजी मूर्तिजापूरला होते. चहा चालू होता.

"बाबा, वरात पोचतेय."

"कोणाची?"

"खुशालरावांची. वेळेवर."

पलीकडे बशी ठेवल्याचा आवाज आला. वेळेवर कशी पोचते, असं त्यांनी विचारलं, त्यात राग कमी आणि विश्वासघात झाल्याची भावना जास्त होती. केदारने कारण सांगितलं.

"थांबव ते," गुरुजी म्हणाले. "तूच लावलंयस ना? तूच थांबव."

केदार ट्रकवर चढला. गाणं बदल, असं त्याने पियुषला सांगितलं.

"बदलू कावून, केदारभाऊ? पब्लिक पयून राहिली ना. असं आजवर कोनासाठी पयाली नाही."

पियुषने तरी एकदा बदलून बघितलं. खालून बाटल्या उगारल्या गेल्या. लोकांना तेच गाणं पाहिजे होतं. चौदा श्रोत्यांचा धनी असलेला केदार दीडशे माणसांना आपलं संगीत ऐकू नका म्हणून हात जोडत होता आणि ते एक अक्षर ऐकायला तयार नव्हते. एवढ्यात कार्यालयाचा मॅनेजर समोरून धावत आला. त्याचा चेहरा धाड पडल्यासारखा झाला होता. नवरी पार्लरमध्ये, भाताचं पाणी नुकतंच ठेवलेलं, स्टेजवर कालच्या वाढदिवसाचे फुगे. मुहूर्तावर कोनी येते काय, असं तो ज्याला त्याला विचारत सुटला.

बदलता येत नाही म्हटल्यावर केदारने लॅपटॉप पुढे ओढला आणि वेगाची पट्टी खाली खेचली, जाईल तितकी. वेग कमी केला तरी सूर जागच्या जागी राहावा, यासाठी एक बटण असतं. ते त्याच्या शिकण्यात अजून आलं नव्हतं. वेगासोबत सूरही खाली गेला, खोल, लांब, घोगरा. विहिरीतला माणूस बुडाला होता आणि तळातून कुणाला तरी हाक मारत होता.

वरात अडखळली. तोंडात रुमाल धरून नागीण झालेला एक मित्र तसाच रस्त्यावर आडवा राहिला, उठायचं कारण त्याला सापडेना. घोडी उभी राहिली. खुशालराव गर्दीतून वाट काढत ट्रकपाशी आले.

"हे काय लावलं बे पियुष? कोनी मेलं काय?"

पियुषने केदारकडे पाहिलं. केदारने, हे पाठवणीचं आहे काका, असं जे तोंडात आलं ते सांगितलं. पाठवणी तर नवरीची असते, असं खुशालराव म्हणणार होते. पण सूर चालूच होता. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि पुसता पुसता डोळेही पुसले. शिवमच्या आत्याने हे पाहिलं आणि मोकळेपणाने रडायला घेतलं. भाऊ आठ वर्षं कुठे कुठे मुली बघत फिरला, अकोल्याच्या स्थळाने कसं ऐन वेळी तोंड फिरवलं, हे ती शेजारणीला सांगू लागली. शेजारणीने स्वतःच्या पोराचं काढलं. मित्र दुकानाच्या पायऱ्यांवर बसले. त्यांच्यातल्या दोघांनी कधीच्या तरी उसन्या क्रिकेटच्या बॅटीवरून एकमेकांची माफी मागितली. नवरदेव घोडीवर होता, त्याला उतरता येईना. तो वरूनच सगळ्यांचं ऐकत होता.

दीड तास असा गेला. कुणी पुढे चला म्हटलं नाही. मॅनेजर मधून मधून बाहेर येऊन बघे आणि समाधानाने आत जाई.

गुरुजी सव्वा वाजता पोचले, रिक्षातून, अंगावर अकोल्याच्या अक्षता. केदारने त्या झटकल्या. मग वरात आत आली, अंतरपाट धरला गेला आणि गुरुजींनी माइक हातात घेतला. लग्न लागतं ते मुहूर्तावर, असं ते म्हणाले. आज तुम्ही कोपऱ्यापर्यंत वेळेवर आला होतात असं ऐकतो. एवढ्या जवळ येऊन मुहूर्त घालवलात, याला काय म्हणावं? दीडशे माना खाली गेल्या. खुशालराव स्टेजवर येऊन पाया पडले. चुकलं गुरुजी, म्हणाले, जरा मन भरून आलं होतं.

संध्याकाळी केदार स्कूटरवर वडिलांना घरी घेऊन चालला होता. गुरुजी मागे नारळांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. राजापेठेच्या सिग्नलला ते म्हणाले, "ते सावकाश वाजणारं तुझंच का?"

तो बिघाड होता, असं केदारने सांगितलं. खरं गाणं वेगळं आहे.

"असू दे. पुढच्या आठवड्यात एकाच दिवशी एक इथे आहे, एक अचलपूरला." सिग्नल सुटला. "अचलपूरचा रस्ता खराब आहे. अजून सावकाश होतं का ते?"

त्याहून हळू केलं तर सूर फाटतात, मूळ गाणं ओळखू येत नाही, त्यासाठी वेगळी पद्धत असते, ती अजून शिकायची आहे, असं केदारने सांगितलं; मग ती पद्धत काय असते तेही सांगितलं, आवाजाचे बारीक तुकडे कसे करतात, ते एकमेकांवर कसे चढवतात, सगळं. गुरुजींनी घर येईपर्यंत मध्ये एकदाही तोडलं नाही. उतरून त्यांनी पिशवी सांभाळली आणि फाटकाची कडी काढली.

"म्हणजे होतं," ते म्हणाले.